एका कपाचे चाळीस हजार?

राजूरला चतुर्थीच्या गर्दीतून दर्शन घेऊन बाहेर आलात, की पुढचा प्रश्न एकच, चहा कुठं घ्यायचा. कॉफी मागितली तर हॉटेलवाला आधी तुमच्याकडे नीट बघतो, मग पुडी फोडतो, उकळत्या दुधात घालतो आणि वरून दोन चमचे साखर. झाली कॉफी. पिणाऱ्याचीही तक्रार नसते.

आता हा आकडा वाचा. २०२५ साली पनामा या देशातल्या लिलावात ‘गेशा’ जातीची कॉफी किलोला ३०,२०४ डॉलर या भावाने गेली. म्हणजे आपले साधारण २६ लाख रुपये. होता सगळा मिळून २० किलो माल. दुबईच्या एका खरेदीदाराने तो उचलला. एका कपाला १५ ग्रॅम पावडर धरा आणि हिशोब करा. एक कप चाळीस हजाराच्या घरात जातो. त्यात दूध-साखर नाही, कपाचं भाडं नाही, कॅफेचा नफा नाही.

एवढं काय आहे त्यात? नावावरून जपानच्या गेशा आठवतील, पण त्यांचा इथं काही संबंध नाही. इथिओपियात गेशा नावाचा भाग आहे, झाडं मूळची तिथली. कोस्टा रिकामार्गे ती पनामात आली, तीही चवीसाठी नाही, तर पानांवरच्या तांबेऱ्याला दाद देत नाहीत म्हणून. तांबेरा काय करतो ते गहू-सोयाबीनवाल्यांना वेगळं सांगायला नको. उत्पन्न कमी, फांद्या नाजूक, त्यामुळे झाडं कोपऱ्यात पडून होती आणि त्यांची फळं बाकीच्या मालात मिसळून विकली जात होती. तेव्हा जगभर कॉफीचे भाव पडलेले. ‘हॅसिएंडा ला एस्मेराल्डा’ या मळ्याच्या पीटरसन कुटुंबाने एक साधी गोष्ट केली. मळ्याच्या प्रत्येक तुकड्यातली कॉफी वेगळी ठेवली आणि वेगळी चाखली. उंचावरच्या एका तुकड्यातली कॉफी फुलांसारखी, लिंबूवर्गीय फळांसारखी लागली. २००४ च्या लिलावात तिला पाउंडाला २१ डॉलर मिळाले आणि तेव्हा तोच विक्रम ठरला. २०२५ चा विक्रमही याच मळ्याच्या नावावर आहे.

मला यात सगळ्यात भारी वाटतं ते हे, की झाडं आधीपासून तिथंच होती. बदललं एवढंच, की कुणीतरी वेगळं करून चाखलं. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरी मोसंबी आहे. जालन्याच्या मोसंबीला जीआय मानांकनही आहे. पण कोणत्या बागेची, कोणत्या जमिनीतली, आंबियाची की मृगाची, असं वेगळं करून आपण कधी चाखून बघतो का? की व्यापारी येतो, बागेकडे एक नजर टाकतो आणि सगळी बाग एका भावात जाते?

प्रत्येक महागड्या कपामागे मात्र अशी चांगली गोष्ट नसते. रीलमध्ये जी कॉफी सारखी दिसते, ‘प्राण्याच्या विष्ठेतली’ म्हणून, ती इंडोनेशियाची कोपी लुवाक. लुवाक म्हणजे आपलं उदमांजर. ते रात्री फिरतं आणि नेमकी पिकलेली फळं निवडून खातं. गर पचतो, बी तशीच बाहेर पडते. असं सांगतात की डच राजवटीत मजुरांना मळ्यातली कॉफी स्वतःसाठी तोडायची परवानगी नव्हती, म्हणून ते जमिनीवर पडलेल्या या बिया धुऊन, भाजून प्यायचे. मजुरांच्या नाइलाजाचा पुढे श्रीमंतांचा शौक झाला.

टोनी वाइल्ड या ब्रिटिश कॉफी-व्यापाऱ्याने १९९१ साली ही कॉफी इंग्लंडात नेली आणि तिचं नाव झालं. मागणी वाढली तशी उदमांजरं पिंजऱ्यात गेली. एरवी फळं, किडे, उंदीर असं सगळं खाणाऱ्या प्राण्याला तारेच्या जाळीवर ठेवून कॉफीची फळं चारायची. २०१३ मध्ये खुद्द वाइल्डनेच या धंद्याविरुद्ध मोहीम सुरू केली. आणि गंमत बघा, जंगलातलं उदमांजर उत्तम फळ निवडतं, ही या कॉफीची सगळी जाहिरात. पिंजऱ्यातल्याला निवडायला आहे काय? पाकिटावर ‘जंगली’ लिहिलेलं असलं तरी ते तपासायची सोय तुमच्याकडे नसते. थायलंडमध्ये हत्तींना फळं खाऊ घालूनही कॉफी काढतात. एक किलोसाठी जवळपास ३३ किलो फळं लागतात म्हणे. असो.

आपल्या देशातली एक महागडी कॉफी तर चक्क सादळलेली आहे. पूर्वी मलबारची कॉफी शिडाच्या जहाजातून आफ्रिकेला वळसा घालून युरोपात जायची. काही महिने दमट हवा खाऊन दाणे फुगायचे, पिवळट पडायचे, आंबटपणा जायचा. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला, प्रवास लहान झाला, आणि तिकडचे लोक म्हणायला लागले की पहिल्यासारखी चव नाही राव! मग मंगळुरूच्या किनाऱ्यावर उघड्या गोदामांत दाणे पसरून त्यांना मुद्दाम पावसाळी वारा द्यायला सुरुवात झाली. ‘मान्सून्ड मलबार’ ती हीच, आणि तिलाही जीआय आहे. आपल्याकडे शेंगदाणे सादळले तर आई ओरडते.

आंध्रातल्या अराकू खोऱ्यातले आदिवासी शेतकरी पिकवतात त्या कॉफीचं २०१७ मध्ये पॅरिसला दुकान निघालं. उदमांजराच्या कपाएवढेच पैसे तिथं मोजायला माझी हरकत नाही. निदान ते कुणाच्या हातात जातात ते कळतं.

एवढं सगळं परवडणार कुणाला, हा प्रश्न रास्त आहे. तर पुढच्या वेळी कॉफीची पुडी घ्याल तेव्हा मागची बारीक अक्षरं वाचा. तिथं चिकोरीची टक्केवारी छापलेली असते. चिकोरी म्हणजे भाजून दळलेलं मूळ, कॉफी नव्हेच. काही पाकिटांत ती निम्म्याच्या आसपास असते, म्हणजे निम्मे पैसे आपण मुळाचे देतो. कुणाला तीच चव आवडते, माझी ना नाही.

आणि झाडावरची कॉफी बघायची तर कोडगू गाठायलाच हवं असं नाही. महाराष्ट्रात चिखलदऱ्यालाही कॉफी पिकते. राजूरहून बुलडाणा, अकोला करत परतवाडा गाठायचा, पुढे मेळघाटचा घाट. उंची १,११८ मीटर, म्हणूनच तिथं ही झुडपं तग धरतात, आपल्या बेचाळीस डिग्रीत जमायचं नाही. कॉलेजची सहल पावसाळ्यातच जाते, धबधबे आणि पंचबोल पॉइंटवर फोटो काढून परत येते. आपल्याकडे कॉफीची फळं साधारण नोव्हेंबरपासून पिकायला लागतात. तेव्हा गेलात, तर मळेवाल्याला विचारून एक लाल फळ तोंडात टाका. गर गोड लागतो, कॉफीसारखा अजिबात नाही, आणि आतून दोन चपट्या बिया निघतात.