दोन शहरं, एकच गडगडाट

बंद दारामागून गिटारचा आवाज येतोय, ड्रमच्या ठोक्यांनी मांडणीवरची भांडी थरथरताहेत आणि तुम्ही स्वयंपाकघरातून ओरडताय, "अरे, आवाज कमी कर!" घरात पंधरा-सोळा वर्षांचं मूल असेल, तर हे दृश्य तुमच्या ओळखीचं असणार. पुढच्या वेळी ओरडण्याआधी दोन बँडची ही गोष्ट वाचा. एक बँड स्वीडनच्या गोथेनबर्गचा, दुसरा आपल्या बेंगळुरूचा.

आधी हे संगीत समजून घेऊ

हेवी मेटल म्हणजे नुसता गोंगाट, असं आपण पटकन म्हणतो. पण पोवाडा आठवून पाहा. शाहिराचा वर चढलेला आवाज, डफाची थाप, पराक्रमाची गोष्ट आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर येणारा काटा. पॉवर मेटलची जातकुळी बरीचशी तशीच आहे: उंच पट्टीतलं गाणं, वेगवान ड्रम आणि संकटाशी झुंजण्याची भाषा.

त्याला 'प्रोग्रेसिव्ह' हा शब्द जोडला की ताल गुंतागुंतीचा होतो. सरळ चार मात्रांत चाललेलं गाणं मधेच सात मात्रांत शिरतं. तबल्यावर रूपक ऐकलेल्या कानांना त्यात फार परकं काही वाटणार नाही. कधी कधी तर अख्ख्या अल्बममध्ये एकच कथा असते.

१९९८ साल

गोथेनबर्गमध्ये टॉम इंग्लुंड या गायक-गिटारवादकाचा एव्हरग्रे हा बँड १९९०च्या दशकात उभा राहिला. त्यांचा पहिला अल्बम 'द डार्क डिस्कव्हरी' १९९८ मध्ये आला. २००१ मधल्या 'इन सर्च ऑफ ट्रुथ'मध्ये त्यांनी परग्रहवासीयांनी पळवून नेलेल्या माणसाची कथा सांगितली. प्रोग्रेसिव्ह पॉवर मेटल ऐकणाऱ्यांना हे नाव जगभर माहीत आहे.

त्याच १९९८ मध्ये बेंगळुरूत नोलन लुईस आणि गणेश कृष्णस्वामी यांनी क्रिप्टोस हा बँड सुरू केला. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ 'लपलेला'. त्यांचा बाज वेगळा, १९८०च्या दशकातल्या अस्सल हेवी मेटलचा. दोन गिटार एकमेकींशी बोलल्यासारख्या वाजतात. 'भारतीय' वाटावं म्हणून सतार किंवा तबला घालण्याच्या वाटेला ते गेले नाहीत. जे आवडलं, तेच वाजवत राहिले.

बेंगळुरूत ही आवड अचानक उगवली नव्हती. १९८०च्या दशकाच्या अखेरीस मिलेनियम नावाचा बँड इथे मेटल वाजवत होता. कॉलेजांचे महोत्सव होते, पब होते. पुढे १७ मार्च २००७ रोजी पॅलेस ग्राउंड्सवर आयर्न मेडन वाजवून गेले आणि ३० ऑक्टोबर २०११ रोजी तिथेच मेटॅलिका.

क्रिप्टोसचा पहिला अल्बम 'स्पायरल असेंट' यायला मात्र २००४ उजाडलं. सुरुवातीपासून तिथपर्यंत सहा वर्षं!

एकाच छपराखाली

२०१३ मध्ये क्रिप्टोस जर्मनीतल्या वाकेनला वाजवून आले. वाकेन हे उत्तर जर्मनीतलं छोटंसं खेडं, पण वर्षातून एकदा तिथे जगभरातले मेटलवेडे हजारोंनी जमतात. जणू त्यांची पंढरीच!

त्यानंतर एएफएम रेकॉर्ड्स या जर्मन कंपनीने क्रिप्टोसचे अल्बम काढायला सुरुवात केली. एव्हरग्रेही तेव्हा त्याच कंपनीत होते. २०१६, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी या कंपनीकडून दोन्ही बँडचे नवे अल्बम आले. दोन शहरांतून निघालेल्या दोन वाटा अशा एका छपराखाली येऊन मिळाल्या.

दोघांचीही वाट सरळ नव्हती. २०१० मध्ये एव्हरग्रेमधले तीन वादक एकदम बाहेर पडले. इंग्लुंड थांबले नाहीत. २०१४ मध्ये त्या तिघांपैकी दोघं परत आले. क्रिप्टोसमध्येही वादक बदलत गेले. सुरुवातीपासूनचे आज फक्त नोलन लुईस उरले आहेत, आणि २०२४ मध्ये बँडचा 'डेसिमेटर' हा नवा अल्बम आला.

फरक कुठे आहे?

फरक आजूबाजूच्या व्यवस्थेत आहे. स्वीडनमध्ये नगरपालिकांच्या संगीतशाळा आहेत. तिथे मुलांना कमी फीत वाद्य शिकता येतं. सरकारी अनुदानावर चालणारी अभ्यासमंडळं तरुणांच्या बँडना तालमीसाठी जागा आणि मदत देतात. चार पोरांनी मिळून गिटार वाजवणं हेही तिथे शिक्षणच मानलं जातं. एवढ्याशा देशातून इतके बँड जगभर का पोहोचले, याचं एक उत्तर इथे आहे.

आपल्याकडे ही मदत कुठून येते? बहुतेक वेळा घरातूनच. तासावर भाडं देऊन तालमीची खोली घ्यायची, गिटारसाठी पैसे साठवायचे, शेजाऱ्यांची बोलणी खायची आणि सोबत अभ्यास किंवा नोकरी सांभाळायची. म्हणून बेंगळुरूतला एखादा बँड पंचवीस वर्षांहून जास्त टिकतो, तेव्हा त्याची किंमत जरा जास्तच धरायला हवी.

मग घरात काय कराल?

प्रत्येक मुलाला वाकेन गाठायचं नसतं, आणि त्याची गरजही नाही. पण गणपतीत ढोल-ताशाच्या पथकात नाव घालताना आपण जसं कौतुकाने पाहतो, तसं इथेही पाहता येईल. वाजवण्याची वेळ ठरवून द्या. रात्री नऊनंतर हेडफोन, हा नियम करा. कान आयुष्यभर पुरवायचे आहेत, म्हणून आवाजाची मर्यादाही ठरवा. आणि महिन्यातून एखाद्या रविवारी तालीम ऐकायला स्वतः जाऊन बसा.

सुरुवात आजच करता येईल. एव्हरग्रेचा 'द अटलांटिक' आणि क्रिप्टोसचा 'आफ्टरबर्नर', दोन्ही २०१९चे. दोन्हींतलं एकेक गाणं मुलासोबत ऐका आणि त्यालाच विचारा, "यातला ताल कसा मोजायचा, सांग बरं?" कदाचित बऱ्याच दिवसांनी ते दार आतून उघडेल.