चोरखिशाचं विज्ञान

१० एप्रिल २०१३ रोजी पॅरिसचं लूव्र संग्रहालय उघडलंच नाही. कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवलं होतं आणि भांडण पगाराचं नव्हतं. खिसेकापूंच्या टोळ्यांनी पर्यटकांबरोबर पहारेकऱ्यांनाही जेरीस आणलं होतं. टोळ्यांमध्ये अल्पवयीन पोरं बरीच, आणि अठरा वर्षांखालच्यांना लूव्रमध्ये प्रवेश फुकट. म्हणजे चोरांना तिकिटाचाही खर्च नाही! मे २०१५ मध्ये आयफेल मनोऱ्याच्या कर्मचाऱ्यांनीही याच तक्रारीवरून काम थांबवलं.

पर्यटकांकडे पैसा असतो, हे या टोळ्यांना अशा जागा आवडण्याचं अर्धंच कारण झालं. मोनालिसासमोरची गर्दी डोळ्यांपुढे आणा. सगळ्यांच्या नजरा एकाच भिंतीवर, दोन्ही हात मोबाइल धरून डोक्याच्या वर, आणि अंगाला अंग घासतंय. पाकीटमाराने स्वतः नकाशा काढून दालन बांधलं असतं, तरी ते याहून सोयीचं झालं नसतं.

नजर कशी पळवतात, हे शास्त्रज्ञांना एका पाकीटमारानेच शिकवलं. अपोलो रॉबिन्स हा अमेरिकी कलाकार लोकांचे खिसे रिकामे करतो आणि वस्तू परत देतो. २००१ मध्ये त्याने माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या अंगरक्षकांचे खिसे साफ केले होते; टक लावून पाहणं हाच ज्यांचा पेशा, त्यांचे. सुसाना मार्टिनेझ-कोंडे आणि स्टीफन मॅकनिक या मेंदूतज्ज्ञांना त्याने सांगितलं, की हात सरळ रेषेत नेला तर लोकांची नजर झटकन टोकाला जाते आणि मूळ जागी परत येते. कमानीसारखा वळवत नेला तर ती हाताच्या मागे मागे जात राहते. २०११ मध्ये त्यांनी डोळ्यांच्या हालचाली मोजून पाहिल्या. सरळ हालचालीला डोळे उड्या मारत होते, वळणदार हालचालीला संथपणे पाठलाग करत होते. चोराला हाच पाठलाग हवा असतो, कारण तेवढा वेळ खिशाकडे नजर फिरकत नाही.

पण डोळे चुकले तरी कातडीला कळायला नको का?

घरी एक गंमत करून पाहा. केसांच्या आकड्याची दोन टोकं तीन-चार मिलिमीटर अंतरावर ठेवून बोटाच्या टोकावर टेकवा. दोन स्पर्श वेगळे कळतील. तीच टोकं मांडीवर टेकवा, एकच स्पर्श जाणवेल. मांडीवर दोन बिंदू वेगळे कळायला त्यांच्यात साधारण चार सेंटीमीटर अंतर लागतं. बोटांच्या मानाने मांडी जवळजवळ आंधळीच म्हणायची, आणि पँटचे खिसे आपण नेमके तिच्यावर शिवून घेतो.

शिवाय कातडी फार लवकर सरावते. घड्याळ बांधल्यावर दोन मिनिटांत विसरायला होतं. पाकिटाचं ओझंही तसंच, असताना जाणवत नाही, मग गेल्याचं कुठून जाणवणार? उरतो तो काढतानाचा क्षण. त्याची सोय एकोणिसाव्या शतकात अर्न्स्ट वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने मांडलेल्या नियमात आहे. फरक कळतो तो आधीच्या संवेदनेच्या प्रमाणात. शांत खोलीत कुजबुज ऐकू येते, वरातीत नाही. म्हणून चोर आधी वरात काढतो. एक जण सरकत्या जिन्याच्या तोंडाशी एकाएकी थबकतो, मागून दुसऱ्याचा धक्का बसतो, आणि त्या धक्क्यात दोन बोटांचा स्पर्श बुडून जातो. पाकीट लगेच तिसऱ्याकडे. चोर पकडलात तरी त्याच्याजवळ काही सापडत नाही.

माझं पाकीट युरोपातल्या एका भुयारी रेल्वेत गेलं, दार बंद होता होता. समोरच्या बाईच्या हातातली नाणी सांडली, ती वेचायला मी वाकलो. मुंबईच्या लोकलमध्ये वीस वर्षं बॅग पोटाशी धरून काढलेला माणूस मी! पण ती सवय गर्दीशी जोडलेली होती, आणि तो डबा निम्मा रिकामा होता.

म्हणून ‘सावध राहा’ हा सल्ला मला बिनकामाचा वाटतो. अवधान ही दिवसभर जळत ठेवायची समई नव्हे, तेल संपतंच. ‘पाकीटमारांपासून सावध’ ही पाटी वाचून माणूस नकळत खिसा चाचपतो, आणि चोराला शोधायचे श्रम वाचतात, असंही सांगतात. त्यापेक्षा आपलं लक्ष नसतानाही काम करील अशी व्यवस्था हवी. ती आपल्या आजोबा-आज्यांकडे होती. बंडीच्या आतला चोरखिसा, लुगड्याची कनवट. कनवटीचा पैसा काढायचा तर घट्ट वस्त्र ओढावं लागतं, आणि पोटाला बसलेला तो हिसका मांडीवरच्या चोरट्या बोटांसारखा लपत नाही. शर्टाच्या आत कमरेला बांधायचा पातळ पट्टा हे त्याचंच आजचं रूप. दिवसाचे पैसे वेगळे, वरच्या खिशात. पट्टा चारचौघांत उघडायचा नाही, नाहीतर सगळंच मुसळ केरात. बॅगेच्या चेनला एक पिन लावली तरी चोराला दोन हात आणि काही सेकंद जास्त लागतात. त्याच्या धंद्यात तेवढे सेकंद नसतात.

पासपोर्टाचं मात्र वेगळं. तो गेला तर त्यातला व्हिसाही जातो. पोलिसांत तक्रार नोंदवून भारतीय दूतावास गाठावा लागतो, आणि तिथे मिळणाऱ्या आपत्कालीन प्रमाणपत्रावर फक्त भारतात परतता येतं, पुढचा प्रवास नाही. पासपोर्टाची छायाप्रत निराळ्या बॅगेत आणि एक फोटो ईमेलमध्ये असला, तर निदान हेलपाटे कमी होतात.

माझा पासपोर्ट वाचला, कारण तो पट्ट्यात होता. निघताना आईने बॅगेच्या चेनला लावायला म्हणून दोन सेफ्टी पिना हातावर ठेवल्या होत्या. त्या पाकिटात होत्या.