ओहोटीची वेळ आणि धावणारी पाउले

धावण्यासाठी गुहागरइतके प्रसन्न स्थळ कोकणात क्वचितच लाभेल. एका बाजूस सुरूचे बन, दुसऱ्या बाजूस अरबी समुद्र आणि मध्ये पाच-सहा किलोमीटरांची सरळ पुळण. ओहोटीला पाण्यालगतची ओली वाळू घट्ट असते. धावण्यास तीच योग्य. वरची भुसभुशीत वाळू पोटऱ्यांवर व टाचेच्या शिरेवर अकारण ताण आणते. पुळण समुद्राकडे उतरती असते, म्हणून जितके जावे तितकेच त्याच वाटेने परतावे. एकाच पायावर भार राहत नाही. ओहोटीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते, हे ध्यानी असावे. पहाटे भरती असेल तर व्याडेश्वर मंदिराजवळून नारळी-पोफळींच्या वाड्यांमधला रस्ता धरावा.

एक अनुभव सांगतो. माझे एक मधुमेही रुग्ण हौसेने अनवाणी धावले. शिंपल्याने तळवा कापला, पण पाय बधिर असल्याने त्यांना कळलेच नाही. चार दिवसांनी सूनबाईंना फरशीवर डाग दिसले. अखेर एक बोट गमवावे लागले. मधुमेहींनी वाळूतही बूट घालावेत आणि घरी येताच तळवे पाहावेत.

धावताना सोबत्याशी बोलता आले पाहिजे. छातीत दडपण वाटल्यास तत्काळ थांबावे व डॉक्टरांना गाठावे.

ते गृहस्थ आजही किनाऱ्यावर येतात, बूट घालून. सोबत नात असते. परतल्यावर आजोबांचे तळवे तपासण्याचे काम तिचे.