छायाचित्राचा खरा पत्ता

रानपिंगळा हा मध्य भारतातल्या पानगळीच्या जंगलात राहणारा घुबडाच्या कुळातला छोटा पक्षी. 1872 साली आजच्या छत्तीसगडमधल्या फुलझर भागात एफ. आर. ब्लेविट यांना तो मिळाला आणि पुढच्याच वर्षी ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. खानदेशात सरकारी नोकरीवर असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी तळोदा-शहादा परिसरातून त्याचे आणखी काही नमुने गोळा केले. 1884 नंतर मात्र त्याचा खात्रीचा नमुना मिळेना. अपवाद होता तो रिचर्ड माइनर्त्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहातल्या एका नमुन्याचा. हा पक्षी 1914 मध्ये गुजरातेतल्या मांडवीजवळ मिळाला, असे त्याच्या चिठ्ठीवर लिहिले होते. त्या पत्त्यावर विसंबून शोध घेणाऱ्यांच्या हाती काही लागले नाही. पुढे पामेला रासमुसेन या पक्षिशास्त्रज्ञ बाईंनी तो नमुना बारकाईने तपासला, तेव्हा तो डेव्हिडसन यांच्याच संग्रहातला निघाला. तो चोरून, नव्याने भरून, वर खोटी चिठ्ठी लावण्यात आली होती. ती चिठ्ठी बाद करून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट जुन्या खऱ्या ठिकाणांच्या मागावर निघाले आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, त्यांना भर दिवसा रानपिंगळा दिसला. 113 वर्षांच्या खंडानंतर त्याची छायाचित्रे आणि चित्रफीत जगासमोर आली.

संकटग्रस्त प्राण्यांची छायाचित्रे टिपायला निघणाऱ्या मोहिमा आता महाराष्ट्रातल्या बहुतेक मोठ्या शहरांतून निघतात. शनिवार-रविवारची आंबोली असते, आठवड्याचा मेळघाट असतो, त्याहून लांबचे लडाख किंवा कच्छ असते. ‘संवर्धनासाठी दस्तऐवजीकरण’ हे शब्द त्यांच्या जाहिरातींत सर्रास दिसतात. माझे म्हणणे असे की, हा दावा पूर्णपणे खरा ठरू शकतो, पण त्यासाठी छायाचित्राने रानपिंगळ्याच्या खऱ्या चिठ्ठीचे काम केले पाहिजे. कोणता जीव, कोणत्या दिवशी, कोणत्या जागी आणि कोणत्या अवस्थेत होता, हे त्यातून प्रामाणिकपणे कळले पाहिजे. यातले काहीही खोटे असेल, तर ते छायाचित्र नुसते निरुपयोगी ठरत नाही. माइनर्त्झहागेनच्या चिठ्ठीसारखे ते पुढच्या माणसाला चुकीच्या वाटेला लावते.

वाघाचे उदाहरण सर्वांत स्पष्ट आहे. आपल्याकडे अनेक दशके वाघ मोजले ते पावलांच्या ठशांवरून. या पद्धतीच्या मर्यादा शास्त्रज्ञ सांगत होते, पण धक्का बसला तो सरिस्कामुळे. कागदोपत्री वाघ असलेल्या या व्याघ्र प्रकल्पात 2005 पर्यंत एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले. त्याच्या बरेच आधी, 1990 च्या दशकात, उल्हास कारंथ यांनी नागरहोळेत स्वयंचलित कॅमेऱ्यांनी वाघ टिपून पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखण्याची आणि त्यावरून संख्येचा अंदाज बांधण्याची पद्धत रुजवली होती. वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावावे लागतात. 2018 च्या राष्ट्रीय गणनेत 26,838 ठिकाणी कॅमेरे लावले गेले आणि सुमारे 3 कोटी 48 लाख छायाचित्रे जमली. त्यांपैकी वाघाची होती 76,651, आणि त्यांतून वेगवेगळे असे 2,461 वाघ ओळखता आले. ही बहुतेक छायाचित्रे कुणी दिवाणखान्यात लावणार नाही. कुठे शेपूट कापलेली, कुठे फ्लॅशने पांढरा पडलेला चेहरा. तरीही प्रत्येकावर तारीख, वेळ आणि जागा आहे. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात, चांदोलीत, 2023 च्या अखेरीस टिपलेला वाघ हा आधी राधानगरीत दिसलेलाच वाघ आहे, हे पट्टे जुळवून सांगता आले. या दोन जंगलांमधली वाट वाघ वापरतो, याचा तो पुरावा. हौशी माणसाच्या हातच्या कॅमेऱ्यालाही हे साधते. मात्र त्यासाठी डोळ्यांत डोळे घालून बघणाऱ्या वाघाइतकाच कुशीचा साधा, सपाट फोटो मोलाचा मानावा लागतो.

रानपिंगळ्याच्या बाबतीतही पुढे हेच झाले. 2014 मध्ये तो ठाणे जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यात आढळला आणि त्याचे छायाचित्र मिळाले. तोवर सातपुडा, मेळघाट अशा कोरड्या सागाच्या पट्ट्यातला मानला जाणारा पक्षी मुंबईपासून काही तासांच्या अंतरावर होता. अशा नव्या ठिकाणांच्या नोंदी साठत गेल्या आणि 2018 मध्ये जागतिक लाल यादीत त्याचा दर्जा ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’ असा एक पायरी खाली आला. तानशातल्या पक्ष्याची जागा चुकीची लिहिली गेली असती, तर ही भर पडलीच नसती.

आता आंबोली. पावसाळ्यात तिथल्या रात्रीच्या फेऱ्यांत एक प्रकार वारंवार घडतो आणि तो मला फार गंभीर वाटतो. बेडूक किंवा मलबारी चापडा सापडतो तिथून उचलायचा, शेवाळलेल्या सुंदर फांदीवर ठेवायचा, मागे प्रकाश लावायचा आणि आळीपाळीने फोटो काढायचे. यात त्या जिवाला होणारा त्रास हा पहिला मुद्दा आहेच. बेडूक कातडीतून पाणी आणि प्राणवायू घेतो. हाताला लावलेले डास पळवणारे मलम त्याच कातडीत उतरू शकते. जगभर बेडकांच्या कित्येक जाती संपवणारी कायट्रिड बुरशी पश्चिम घाटातल्या बेडकांवरही नोंदली गेली आहे, आणि एका ओढ्यावर बेडूक हाताळून त्याच हातांनी, त्याच चिखलाच्या बुटांनी दुसऱ्या ओढ्यावर जाणे हा तिला वाट करून देण्याचाच मार्ग आहे. पण दुसरा मुद्दा फारसा बोलला जात नाही. उचलून ठेवलेल्या बेडकाचा फोटो खोटे बोलतो. आंबोली टोड ही 2009 मध्ये स्वतंत्र जाती म्हणून वर्णन झालेली, अतिसंकटग्रस्त ठरलेली जाती. तिचे जगणे जांभ्याच्या सड्याशी बांधलेले आहे आणि पहिल्या पावसात सड्यावरच्या उथळ डबक्यांत ती अंडी घालते. तिला पानावर बसवून काढलेल्या फोटोत सडा दिसत नाही. सडा म्हणजे ओसाड जमीन असे समजून तो खणायला, सपाट करायला निघालेल्या माणसापुढे ठेवायला मग आपल्याकडे काही उरत नाही. डबके, दगड, भोवतीचे गवत यांच्यासकट काढलेला थोडा दूरचा फोटोच त्या जिवाची बाजू मांडतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: सुंदर छायाचित्रांमुळेच लोकांना वन्यजीवांबद्दल प्रेम वाटू लागते, रुक्ष नोंदी कोण बघणार? यात तथ्य आहे. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी 1920 च्या दशकात शिवालिकच्या जंगलात तार लावून टिपलेली वाघांची छायाचित्रे बघून बंदुकीऐवजी कॅमेरा हाती घ्यावासा वाटलेली माणसे असणारच. पण चॅम्पियन यांचा वाघ त्याच्या रोजच्या वाटेने चालला होता. सौंदर्याला माझा विरोध नाही, ते रचून आणण्याला आहे. घरट्याशी बसून काढलेल्या फोटोंचेही तेच. आई चारा घेऊन येते तो क्षण मोहक असतो, पण माणसांच्या गर्दीने ती घरट्यापासून दूर राहिली की तेवढा वेळ पिल्ले उघडी पडतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणे शिकारीच्या व्याख्येतच घातले आहे. हे कलम प्रत्येक मोहिमेच्या पहिल्या बैठकीत मोठ्याने वाचले जावे असे मला वाटते.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. अचूक जागा लिहायची म्हटली, तर ती शिकाऱ्यांच्या आणि तस्करांच्या हातीही पडेल. घुबडांच्या बाबतीत तर अंधश्रद्धेतून त्यांचे अवयव आणि अंडी मिळवणारे लोक आहेतच. म्हणून जागा लिहूच नये, असे काही जुने पक्षिनिरीक्षक म्हणतात. त्यांची भीती खरी आहे, पण त्यावरचा उपाय मला पटत नाही, कारण न लिहिलेली जागा वाचवायलाही कुणी जाऊ शकत नाही. जागा अचूक लिहावी आणि ती कोणाला दिसावी हे ठरवावे. आयनॅचरलिस्टवर संकटग्रस्त जातींच्या नोंदीची नेमकी जागा आपोआप झाकली जाते. ईबर्डही संवेदनशील पक्ष्यांचे ठिकाण सर्वांना दाखवत नाही. खरी गळती होते ती समाजमाध्यमांवर, त्याच संध्याकाळी टाकलेल्या फोटोतून, मोबाइलने त्यात साठवलेल्या अक्षांश-रेखांशांतून, आणि ‘कुठे मिळाला?’ या प्रश्नाला कौतुकाच्या भरात दिलेल्या उत्तरातून. वनविभागाला आणि अभ्यासकांना तंतोतंत पत्ता द्यावा, बाकीच्यांना जिल्ह्याचे नाव पुरे.

तिसरी अडचण पैशाची आहे. भरपूर शुल्क भरून आलेल्या माणसाला प्राणी दिसलाच पाहिजे असे वाटते आणि त्याचे ओझे स्थानिक वाटाड्यावर पडते. मग आवाजाच्या ध्वनिफिती वाजवल्या जातात, झुडपे हलवली जातात, फांद्या छाटल्या जातात. वाटाड्याचे पोट या मोहिमांवर आहे, हे खरेच. पण त्याच कारणाने तो जीव पुढच्या वर्षीही तिथे असणे वाटाड्यालाच सर्वाधिक गरजेचे आहे. त्याला प्राणी दाखवल्याबद्दल बक्षिसी देण्याऐवजी दिवसाची ठरलेली चांगली मजुरी द्यावी, मग नाही म्हणण्याचे बळ त्याला आपोआप येते. शिवाय प्राणी न दिसलेली फेरीही नोंद असते. किती वाजता, किती अंतर चाललो आणि काय दिसले नाही, हे नीट लिहिले तर एखादा जीव एका जागेवरून कधी कमी होत गेला हे त्यातूनच कळते.

म्हणून मोहिमेत नाव नोंदवण्यापूर्वी आयोजकाला थेट विचारावे. मागच्या वर्षीच्या फेऱ्यांतले फोटो आज कुठे आहेत? ते वनविभागाकडे किंवा एखाद्या अभ्यासकाकडे तारीख-जागेसह गेले का? प्राण्याला हात लावू देता का, घरट्यापाशी नेता का, आवाज वाजवता का? वाटाड्याला मजुरी कशी देता? कॅमेऱ्याची लेन्स किती लांबीची हवी यावर अर्धा तास बोलणाऱ्या आयोजकाकडे या प्रश्नांची उत्तरे नसतील, तर आगाऊ रक्कम भरू नये.