ग्रंथपालाचा दुसरा विषय

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या हायस्कुलाची एक माजी विद्यार्थिनी मला भेटावयास आली. इतिहास विषय घेऊन ती बी. ए. झाली असून सध्यां ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गांत शिकत आहे. बरोबर तिचे वडीलहि होते. “सर, आम्हांला आमच्या विभागाबाहेरचा एक ऐच्छिक विषय घ्यावयाचा आहे. मैत्रिणी म्हणतात, ज्यांत गुण सढळ मिळतात तो घे. बाबा म्हणतात, संगणकाशिवाय दुसरें कांहीं घेऊं नको. मी काय करूं?” असें तिनें विचारलें. त्या वेळीं आमचें जें बोलणें झालें, तें आमच्या इतर विद्यार्थ्यांना व पालकांनाहि उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें मांडीत आहें.

ग्रंथालयशास्त्र म्हणजे कपाटांत पुस्तकें नीट लावून ठेवण्याची हातोटी, असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः वर्गीकरण, सूची, संदर्भसेवा, माहितीचा संग्रह व शोध आणि ग्रंथालयाचा कारभार हीं सारीं त्या शास्त्राचीं अंगें होत. परंतु ज्ञानाची मांडणी कशी करावी एवढेंच हें शास्त्र शिकवितें. मांडावयाचें तें ज्ञान दुसऱ्या शास्त्रांकडूनच घ्यावें लागतें. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१५ सालापासून ज्या श्रेयांकपद्धतीचा पुरस्कार केला, तींत आपल्या शाखेबाहेरील विषय घेण्याची कल्पना आहे. आणि अमेरिकेंतील ग्रंथालयशास्त्राच्या पुष्कळ विद्यालयांतहि कांहीं श्रेयांक दुसऱ्या विभागांतून मिळवितां येतात. ही सवलत म्हणजे अभ्यासांतील विसांवा नव्हे. ती अभ्यासाची दुसरी बाजू आहे.

या शास्त्राचे भारतांतील आचार्य डॉ. रंगनाथन् हे मूळचे गणिताचे अध्यापक. मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजांत त्यांनीं गणिताचा अभ्यास केला, आणि १९२४ सालीं मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल होण्यापूर्वीं ते गणितच शिकवीत होते. पुढें शिक्षणासाठीं लंडनला गेले असतां तेथील एका मोठ्या दुकानांत त्यांनीं मेकॅनो नांवाचें खेळणें पाहिलें. त्याच त्या पट्ट्या, चाकें व स्क्रू निरनिराळ्या रीतीनें जोडून नाना वस्तु बनत होत्या. पुस्तकाच्या विषयाचेहि असेच मूळ घटक पाडून ते हवे तसे जोडतां येतील, ही कल्पना त्यांना तेथें सुचली. आणि १९३३ सालीं त्यांची ‘कोलन’ वर्गीकरणपद्धति प्रसिद्ध झाली. दुकानांतलें खेळणें हजारोंनीं पाहिलें असेल. त्यांत वर्गीकरण दिसण्यास गणितानें घडविलेली दृष्टि उपयोगी पडली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

अमेरिकेंतील यूजीन गारफील्ड यांचेंहि असेंच आहे. ते रसायनशास्त्राचे पदवीधर. ग्रंथालयशास्त्र त्यांनीं मागाहून अभ्यासिलें. एका खटल्याच्या निकालाचा आधार पुढें कोणकोणत्या निकालांत घेतला गेला, हें दाखविणारी सूची अमेरिकेंतील वकिलांत १८७३ पासून चालत आली होती. शास्त्रीय लेखांसाठींहि अशी सूची करावी, असें गारफील्ड यांनीं १९५५ सालीं एका लेखांत सुचविलें, आणि १९६४ सालीं ती सूची प्रत्यक्ष निघाली. आपल्या कुंपणाबाहेर पाहण्याची संवय असल्यामुळेंच वकिलांचें साधन त्यांनीं शास्त्रज्ञांच्या हातीं दिलें.

मग विषय कोणता घ्यावा? याचें उत्तर विषयांच्या यादींत शोधूं नये. पुढें आपण कोणत्या वाचकाची सेवा करणार, हें प्रथम मनाशीं ठरवावें. शाळेच्या ग्रंथालयांत काम करावयाचें असल्यास शिक्षणशास्त्र विभागांतील बालमानसशास्त्र घ्यावें. कारण दहा वर्षांच्या मुलाच्या हातीं पुस्तक देण्यासाठीं पुस्तकाबरोबर तें मूलहि ओळखावें लागतें. तालुक्याच्या गांवीं ग्रंथालय चालवावयाचें असल्यास हिशेबशास्त्र उपयोगी. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखालीं मान्यता मिळालेल्या संस्थेला अनुदान मिळतें, आणि अनुदान आलें म्हणजे हिशेबहि आला. संशोधनसंस्थेंत जावयाचें असल्यास संख्याशास्त्र शिकावें. ज्याला ग्रंथांच्या प्रती काढून त्या संगणकावर ठेवावयाच्या आहेत, त्यानें कायदा वाचावा. आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणें ग्रंथाचा स्वामित्वहक्क सामान्यतः लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षें टिकतो, हें ठाऊक नसलेला ग्रंथपाल एक तर अपराध करील, नाहीं तर भीतीनें वाचकाला विन्मुख पाठवील. आणि जुन्या ग्रंथांची ज्याला आवड आहे, त्यानें रसायनशास्त्राला भिऊं नये. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लांकडाच्या लगद्याचा व तुरटी घातलेला जो कागद वापरांत आला, त्यांतील आम्ल त्यालाच खात असतें; शंभर वर्षांपूर्वींचें पुस्तक हातांत घेतांच पिवळ्या पानाचा तुकडा पडतो तो यामुळें. हें कारण ज्याला कळलें, तो तें पान वांचविण्यासाठीं साध्या खळीपेक्षां अधिक कांहीं शोधील.

आतां माझाच एक अपराध सांगतों. पुष्कळ वर्षांपूर्वीं आमच्या शाळेचें ग्रंथालय माझ्याकडे होतें. एके दिवशीं जवळच्या खेड्यांतील एक वृद्ध गृहस्थ लाल फडक्यांत बांधलेले जुने कागद घेऊन आले. ते मोडींत होते. मला मोडीचें एक अक्षर येत नव्हतें. मीं ते कौतुकानें पाहिले, “आजोबा, घरीं जपून ठेवा,” असें सांगितलें, आणि परत दिले. दोन वर्षांनीं मोडी जाणणारे एक स्नेही आले, तेव्हां त्यांना घेऊन मी त्या खेड्यांत गेलों. आजोबा वारले होते, घर विकलें गेलें होतें, आणि कागद रद्दींत गेले होते. त्यांत जमिनीचा दाखला होता कीं घराण्याचा इतिहास होता, हें आतां कोणालाहि कळणार नाहीं. तशा कागदांची नोंद कशी करावी, हें मला ठाऊक होतें. नोंद कशाची करावयाची, तेंच मला वाचतां येत नव्हतें.

ही हकीकत ऐकल्यावर त्या मुलीनें यादी पुन्हां काढली. इतिहास विभागाच्या विषयांत मोडीलिपि होती. पण तास सकाळीं सातला, आणि गुणांची खात्री नाहीं. तेव्हां मीं तिला चार गोष्टी पाहावयास सांगितल्या. पहिली, आपल्या विद्यापीठाचा चालू नियम; तो सर्वत्र एक नसतो व बदलतोहि, म्हणून माहितीपत्रक वाचून दोन्ही विभागांच्या प्रमुखांची संमति घ्यावी. दुसरी, त्या विषयाला लागणारी पूर्वतयारी आपली आहे कीं नाहीं; यासाठीं त्याच्या अध्यापकांना भेटून पाठ्यक्रम मागावा. तिसरी, तो विषय गुरूवांचून येण्याजोगा आहे काय? मोडीचीं मुळाक्षरें थोड्या आठवड्यांत येतात, पण निरनिराळ्या हातांचें लेखन वाचण्यास शिक्षकाजवळ बसावेंच लागतें. चौथी, आपल्याच विभागांत जें शिकवितात तेंच दुसऱ्या नांवानें आपण पुन्हां घेत नाहीं ना?

या शेवटच्या गोष्टीचा विचार पालकांनींहि करावा. संगणक आज प्रत्येक ग्रंथपालाला यावयासच पाहिजे. परंतु त्याचें प्राथमिक शिक्षण ग्रंथालयशास्त्र विभागांतच मिळत असेल, तर बाहेरची एकुलती संधि त्यावर खर्चूं नये. मुलाला आज्ञावली लिहिण्याची खरी आवड असेल तर गोष्ट निराळी. तेव्हां त्यानें संगणकशास्त्र विभागांत जाऊन तो विषय मुळापासून शिकावा. भीतीनें घेतलेला विषय परीक्षेपुरताच राहतो. तिच्या वडिलांनीं हें सर्व शांतपणें ऐकून घेतलें व म्हटलें, “सकाळीं सातला पोंचावयाचें म्हणजे पहिली गाडी धरावी लागेल. तुला जमत असेल तर माझी हरकत नाहीं.”

तिनें मोडी घेतली. नाताळांत आली तेव्हां ती एका जुन्या पत्राच्या चार ओळी अडखळत कां होईना, वाचून गेली.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं कोणी ग्रंथपाल होईल, कोणी होणार नाहीं. पण एखादा विषय आपल्या उपयोगाचा नाहीं असें म्हणून त्याचें पुस्तक मिटण्यापूर्वीं त्या लाल फडक्याची आठवण ठेवा. दारीं आलेला मनुष्य काय घेऊन येईल, हें आपल्या हातीं नसतें. तें ओळखण्याची तयारी मात्र आपल्या हातीं असते.