अक्षरांच्या जोड्यांतून जन्मलेले तारे

१९८४ साली डेव्हिड ब्रेबेन आणि इयान बेल यांनी ‘एलीट’ हा अंतराळातील व्यापाराचा व युद्धाचा संगणकीय खेळ रचला, तेव्हा त्यांच्या बीबीसी मायक्रो यंत्राची स्मृती अवघी ३२ किलोबाइट असल्यामुळे, ८ दीर्घिकांतील प्रत्येकी २५६ ताऱ्यांच्या नावांचे दफ्तर तीत ठेवणे अशक्यप्राय होते. म्हणून त्यांनी अशी तजवीज केली, की तीन बीजसंख्यांची बेरीज पुनःपुन्हा करीत जावे आणि येणाऱ्या अंकांनुसार रोमन अक्षरांच्या ठरावीक जोड्या एकापुढे एक मांडाव्यात. ‘ला’ आणि ‘वे’ मिळून ‘लावे’, ‘डि’ आणि ‘सो’ मिळून ‘डिसो’. बीज तेच असल्याने नावेही दर खेपेस तीच. मला मात्र खरे कौशल्य जोड्यांच्या निवडीत दिसते: प्रत्येकीत एक तरी स्वर आहे, म्हणूनच यंत्राने घडविलेले हे नाव मनुष्याच्या जिभेवर सहज रुळते.