जुना गाभा काढण्याची रीत



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी याच शाळेत शिकलो. वार्षिक परीक्षा आटोपली की ते शाळेच्या दप्तराची कपाटे उघडीत आणि आम्हां दोघा-चौघा मुलांना मदतीस बोलावीत. कागदांचे तीन ढीग होत. पहिला जपून ठेवण्याचा आणि दुसरा काढून टाकण्याचा. तिसऱ्या ढिगावर ते एक चिठ्ठी ठेवीत : 'एक वर्ष थांबा.' जनरल रजिस्टरला तर कोणी हातही लावावयाचा नाही, अशी सक्त ताकीद असे. तो तिसरा ढीग आम्हांस उगाच वाटे. कागद नको असेल तर टाकावा, हवा असेल तर ठेवावा. मध्ये थांबणे कशासाठी? याचे उत्तर मला सत्तरी उलटल्यावर एका संगणकापुढे बसून मिळाले. त्या उत्तराचीच हकिगत आज मी आपणांपुढे मांडणार आहे.

मराठीच्या प्राध्यापकाने संगणकाविषयी बोलावे, हे कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु माझा या यंत्राशी संबंध भाषेमुळेच आला. उधना आणि लिंबायत या भागांत खानदेशातून आलेली जी कुटुंबे राहतात, त्यांतील वृद्ध स्त्रियांच्या तोंडच्या अहिराणी ओव्या मी निवृत्तीनंतर ध्वनिमुद्रित करीत आलो. त्यांतील काही गळे आज हयात नाहीत. ही सारी ध्वनिमुद्रणे मी शाळेच्या एका जुन्या संगणकावर ठेवली होती आणि त्या संगणकावर लिनक्स कुळातील उबुंटू ही प्रणाली चालत असे.

गेल्या श्रावणात एके दिवशी त्या यंत्राने जागा संपल्याची सूचना दिली. 'बूट' नावाचा एक छोटा विभाग भरून गेला होता. मी तो उघडून पाहिला, तर एकाच नावाच्या आणि केवळ आकड्यांचा फरक असलेल्या अनेक फायली तेथे दिसल्या. आयुष्यभर पाठभेद तपासलेल्या माणसाला अशा वेळी फाजील आत्मविश्वास येतो. मोठा आकडा तेवढा नवा आणि बाकीचे सारे जुने, असे ठरवून मी जुन्या फायली हाताने पुसून टाकल्या. दुसऱ्या दिवशी यंत्र सुरू केले. पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या चार ओळी उमटल्या आणि सर्व काही तेथेच थांबले. त्या क्षणी मला संगणक आठवला नाही. मला त्या स्त्रियांचे आवाज आठवले.

शाळेची एक माजी विद्यार्थिनी संगणकाचे काम करते. निरोप मिळताच ती संध्याकाळी आली. "सर, तुमच्या ओव्या दुसऱ्या विभागात आहेत, त्यांना काही झालेले नाही," हे तिचे पहिले वाक्य. मग तिने पेन ड्राइव्हवरून यंत्र चालू केले आणि दोन तासांत ते पूर्ववत केले. "पण तुम्ही काय केलंत, ते आता समजून घ्या," असे म्हणून तिने मला जे शिकवले, तेच मी आपणांस सांगतो आहे. गुरूने शिष्येकडून शिकावे यात मला कमीपणा वाटत नाही.

प्रथम शब्दाचा विचार करू. संगणकाच्या प्रणालीच्या मध्यभागाला 'कर्नल' म्हणतात. सैन्यातील कर्नलशी याचा काही संबंध नाही. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ धान्याचा लहान दाणा, बी, असा आहे. आपल्याकडे 'गाभा' हा शब्द चपखल बसतो. तो 'गर्भ' या संस्कृत शब्दापासून आला आहे. स्मृती, चकती, कळफलक, पडदा या सर्वांशी बोलणारा आणि प्रत्येक कार्यक्रमाला त्याचा वाटा देणारा असा हा गाभा होय. लिनक्सचा गाभा हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने 1991 साली लिहावयास घेतला. त्याच्याभोवती इतर साहित्य जमवून निरनिराळ्या प्रणाली सिद्ध झाल्या. 1993 साली डेबियन निघाली आणि तिच्या पायावर 2004 साली उबुंटू उभी राहिली. आपल्या देशातील सी-डॅक या संस्थेने 'बॉस' या नावाने जी प्रणाली तयार केली, तीही डेबियनच्याच घराण्यातील आहे. म्हणून पुढे सांगितलेली रीत या तिन्हींना थोड्याफार फरकाने लागू पडते.

आता जुने गाभे साठतात तरी का? साधारण कार्यक्रमाची नवी आवृत्ती आली की ती जुनीची जागा घेते. गाभ्याचे तसे नाही. प्रत्येक नवा गाभा आपल्या स्वतंत्र क्रमांकाने जुन्याच्या शेजारी येऊन बसतो. याचे कारण असे की, नवा गाभा एखाद्या यंत्राशी जुळला नाही, तर माणसाला परत फिरण्यास वाट उरावी. आपल्या सुरतेतल्या श्रोत्यांना हे समजावयास वेळ लागू नये. मागावरचा ताणा संपत आला की कारागीर जुने धागे उपटून टाकीत नाही. नव्या बीमचे धागे जुन्या धाग्यांच्या टोकांना गाठून घेतो, ते फणीतून सुखरूप पार होऊ देतो आणि मगच जुने टोक सोडतो. गाभ्याच्या बाबतीतही जुना सुटावयाचा तो नवा चालू लागल्यावर.

परंतु दर सुधारणेबरोबर एक गाभा वाढत गेला, तर जागा खाल्ली जाते. गाभ्याबरोबर त्याची पूरक उपकरणफीत, म्हणजे यंत्राचे भाग ओळखणारे साहित्य, आणि यंत्र सुरू होताना लागणारी एक शिदोरीची फाइलही येते. ही शिदोरी 'बूट' विभागात राहते. काही यंत्रांवर हा विभाग वेगळा आणि काहीशे मेगाबाइटांचाच असतो. तो भरला की नव्या गाभ्याची शिदोरी अर्धवट राहते. माझ्या यंत्रात नेमके हेच घडले होते. मोठ्या आकड्याचा गाभा होता, पण त्याची शिदोरी तयारच झालेली नव्हती. आणि जे गाभे पूर्ण होते, ते मी पुसून टाकले होते. नवे म्हणजे पुरे, हे माझे गृहीतकच चुकीचे होते.

आता प्रत्यक्ष रीत. येथे आज्ञांचा केवळ उच्चार देत आहे; टंकताना त्या लहान रोमन अक्षरांत टंकाव्यात.

पहिली गोष्ट, आपल्या मोलाच्या फायलींची एक प्रत दुसऱ्या चकतीवर घ्यावी. ती घेतल्यावाचून पुढचे पाऊल टाकू नये.

दुसरी गोष्ट, आपण या क्षणी कोणत्या गाभ्यावर उभे आहोत, ते पाहावे. त्यासाठी 'यूनेम -आर' ही आज्ञा आहे. ती जो क्रमांक सांगेल, तो कागदावर लिहून ठेवावा. ज्या फांदीवर बसलो ती तोडू नये, हे शहाणपण आपणांस लहानपणीच्या गोष्टीतून मिळालेलेच आहे.

तिसरी गोष्ट, नवा गाभा बसला असेल तर यंत्र एकदा बंद करून पुन्हा सुरू करावे आणि एक-दोन दिवस नव्या गाभ्यावर नेहमीचे काम करून पाहावे. आवाज येतो का, छपाई होते का, इंटरनेट लागते का, हे तपासावे. जुन्याला निरोप देण्याची वेळ यानंतरची आहे.

चौथी गोष्ट, 'डीपीकेजी --लिस्ट' या आज्ञेने बसवलेल्या संचांची यादी पाहावी आणि तीत 'लिनक्स-इमेज' या नावाने सुरू होणाऱ्या ओळी शोधाव्यात. ओळीच्या आरंभी 'आयआय' ही दोन अक्षरे असली तर संच बसलेला आहे. 'आरसी' असली तर संच निघून गेला असून त्याच्या मांडणीच्या फायली तेवढ्या मागे राहिल्या आहेत.

पाचवी गोष्ट, काढण्याचे काम प्रणालीच्या कोठीवाल्यावर सोपवावे. 'सुडो एप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज' ही ती आज्ञा. परंतु आधी तिच्यापुढे '--सिम्युलेट' हा शब्द जोडून चालवावी. तसे केल्याने काहीही निघत नाही, केवळ काय निघेल त्याची यादी दिसते. ती यादी सावकाश वाचावी आणि कागदावर लिहिलेला क्रमांक तीत नाही, याची खात्री करावी. हा कोठीवाला चालू गाभा, सर्वांत नवा गाभा आणि त्याच्या लगतचा जुना गाभा राखून ठेवतो. मात्र एखादा गाभा आपण स्वतः मागवून बसवला असेल, तर तो आपण होऊन काढीत नाही. त्याचे पूर्ण नाव आपणच द्यावे लागते.

शेवटी यंत्र पुन्हा सुरू करून सर्व ठीक आहे ना, ते पाहावे. संच रीतसर काढला की आरंभीच्या निवडयादीतूनही त्याचे नाव आपोआप जाते. हाताने फाइल पुसली तर मात्र कोठीवाल्याच्या वहीत ती वस्तू शिल्लकच दिसते आणि निवडयादी नसलेल्या गाभ्याकडे बोट दाखवीत राहते. माझी चूक ती हीच.

कधी कधी 'बूट' विभाग इतका भरलेला असतो की ऑटोरिमूव्हही अडते. अशा वेळी घाबरू नये आणि यंत्र बंदही करू नये. चालू नाही व सर्वांत नवाही नाही, असा एकच जुना गाभा निवडावा, आणि 'सुडो डीपीकेजी --पर्ज' या आज्ञेपुढे त्याचे व त्याच क्रमांकाच्या 'मॉड्यूल्स-एक्स्ट्रा' संचाचे पूर्ण नाव द्यावे. थोडी जागा झाली की 'सुडो एप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल' या आज्ञेने अर्धवट राहिलेले काम पुरे होते. पुढची साफसफाई वर सांगितल्याप्रमाणे करावी.

हा विवेक एकाच प्रणालीचा नव्हे. फेडोरा या प्रणालीत एका वेळी तीन गाभे ठेवण्याची मर्यादा मुळातच घातलेली असते. चौथा आला की सर्वांत जुना निघतो. विंडोज वापरणाऱ्यांनीही पाहिले असेल की, मोठी सुधारणा झाल्यावर आधीची प्रणाली साधारण दहा दिवस बाजूला जपून ठेवली जाते आणि मग पुसली जाते. दूरदूरच्या लोकांनी, एकमेकांस न विचारता, आमच्या गुरुवर्यांच्या तिसऱ्या ढिगाचीच सोय केली आहे.

जुने सारे राखून ठेवणे हा संग्रह नव्हे; त्याने नव्याची वाट अडते, हे मी भरलेल्या 'बूट' विभागात पाहिले. आणि जुने सारे झटक्यात काढणे ही स्वच्छता नव्हे, हे दुसऱ्या दिवशीच्या चार पांढऱ्या ओळींनी शिकवले. काढावे जरूर, पण आपण कशावर उभे आहोत ते जाणून, नवे चालते याची परीक्षा घेऊन आणि परतीची एक वाट राखून काढावे.

त्या ओव्यांच्या आता तीन प्रती आहेत. एक माझ्या घरी, एक त्या विद्यार्थिनीकडे आणि एक या शाळेच्या ग्रंथालयात, जनरल रजिस्टरच्या शेजारच्या कप्प्यात. त्या कप्प्यावर मी माझ्या हाताने चिठ्ठी लावली आहे. तिच्यावर 'एक वर्ष थांबा' असे लिहिलेले नाही. ती वस्तू पहिल्या ढिगातली आहे.